सुनेनं बादली ओतून दिली

पत्र : "बाई, माझं वय ६४. माहेर मालवणजवळ, सासर कोल्हापूरला मंगळवार पेठेत. लग्न होऊन आले तेव्हा गल्लीत मटणापुढे कुणाला काही सुचत नव्हतं. आज आठ-दहा घरं माझ्या हातची तिसऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची, एकशिपी मागून नेतात. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत ओरेगॉनला गेलो होतो. समुद्रावर गेलो तर खडकांना शिणाण्यांचे, म्हणजे काळ्या लांबट शिंपल्यांचे, घोसच्या घोस लटकलेले. मुलानं परवाना काढला, माणशी ७२ काढायची मुभा होती. बंदीचा बोर्ड कुठेही नव्हता. बादली भरून आणली. संध्याकाळी मुलाचे मित्र जेवायला आले, मी शिणाणे घासत बसले होते. तेवढ्यात सुनेनं फोनवर वाचलं की शिणाण्यांत विष सापडलंय, किनारा बंद केलाय. मी म्हटलं, खळखळून उकळते, कोकम घालते, काही होत नाही. हे म्हणाले, पातेल्यात चांदीचं नाणं टाकू, काळं पडलं तर फेकू. तिनं काही ऐकलं नाही. पाहुण्यांदेखत बादली उचलली आणि कचऱ्यात ओतून दिली. 'आई, हे या घरात शिजणार नाही,' म्हणाली. चाळीस वर्षं मी हे रांधते, कुणाचं पोटसुद्धा दुखलेलं नाही. तेव्हापासून आमच्यात कामापुरतं बोलणं आहे. आता डिसेंबरात ती पाच वर्षांच्या नातीला घेऊन येतेय आणि आधीच बजावलंय, हिला शिंपल्या देऊ नका. मालवणहून बहीण तिसऱ्या पाठवणार आहे. माझं नेमकं काय चुकलं? आणि नातीला द्यायच्या की नाही?"

ताई,

तुमच्या हाताचं काही चुकलं नव्हतं, आणि सुनेचंही बरोबर होतं. हे दोन्ही एकदम कसं खरं असेल, असं तुम्हाला वाटेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही शिंपल्या जाणणाऱ्या बाई आहात, तुम्हाला नुसतं "देऊ नका" सांगून भागणार नाही.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. तेव्हा दरवर्षी एक प्रयोग करायचे. तळ्यातलं शेवाळानं हिरवं झालेलं पाणी दोन काचेच्या बरण्यांत भरून खिडकीत ठेवायचे. एका बरणीत काही नाही, दुसरीत नदीतले दोन-तीन जिवंत शिंपले. दोन तासांचं प्रॅक्टिकल संपेपर्यंत शिंपल्यांच्या बरणीतलं पाणी इतकं निवळायचं की पलीकडे धरलेल्या वर्तमानपत्राचा मथळा वाचता यायचा. पहिली बरणी होती तशीच हिरवी. मुलं हरखून जायची. मी त्यांना विचारायचे, तो हिरवा रंग गेला कुठं?

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या बरणीत आहे. शिणाणे, तिसऱ्या, मुळे, कालवं, हे सगळे शिंपले पाणी गाळून खातात. एकेक शिणाणा तासाला काही लिटर पाणी आतून फिरवतो आणि त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव पोटात घेतो. त्या जीवांतल्या काही जाती विष तयार करतात. ओरेगॉनच्या बाजूला अलेक्झांड्रियम नावाची एकपेशीय जात आहे, तिच्यातून सॅक्सिटॉक्सिन येतं. पाणी, ऊन आणि खाद्य जुळून आलं की तिची संख्या एकाएकी वाढते आणि शिणाण्यांच्या अंगात विष साठत जातं. शिणाण्याला त्याचं काही होत नाही. तो ठणठणीत असतो, टिचकी मारली की शिंपला घट्ट मिटून घेतो, वासाला समुद्रासारखा ताजा.

ताई, तुमची पारख इथं उपयोगी पडत नाही, ती ह्याच कारणानं. उघडा राहिलेला शिंपला बाजूला काढायचा, जड लागतो तो चिखलाचा, वास आला तर सगळा वाटा फेकायचा, हे तुम्ही आईकडून शिकलात आणि ते सोळा आणे खरं आहे. त्यानं शिंपला जिवंत आणि ताजा आहे एवढं कळतं. त्यानं काय खाल्लंय, ते कळत नाही.

आता उकळण्याचं. उकळण्यानं जंतू मरतात. खाडीत सांडपाणी येतं, त्यातून कावीळ होते, जुलाब होतात, आणि तिथं तुमची चाळीस वर्षांची चांगलं शिजवायची सवय खरोखर घराचं रक्षण करत आलीय. कुणाचं पोट दुखलं नाही, यात तुमच्या चुलीचा वाटा मोठा आहे. पण सॅक्सिटॉक्सिन हा जंतू नाही, त्याला मरायला जीवच नाही. मीठ उकळलं म्हणून मिठाचा खारटपणा जात नाही, तसंच समजा. घरच्या चुलीवर किंवा कुकरमध्ये ते निष्प्रभ होत नाही, फ्रीजरमध्ये ठेवून जात नाही, कोकमाच्या, चिंचेच्या, लिंबाच्या आंबटपणानं जात नाही, आपल्या कांदा-लसूण चटणीनंही नाही. उलट ते पाण्यात विरघळतं. तिसऱ्या वाफवल्यावर खाली जे दुधी पाणी सुटतं, ते तुम्ही फडक्यातून गाळून रश्शात घालत असणार. मालवणी बाई ते पाणी टाकत नाही, सगळी चव त्यातच. विषारी शिंपल्यांचं विषही त्याच पाण्यात उतरतं. तेव्हा मांस नको, नुसता रस्सा घ्या म्हणूनही सुटका नाही.

चांदीच्या नाण्याबद्दल तुमच्या ह्यांना माझ्यातर्फे आदरानं सांगा. रानातल्या अळंब्यांसाठीसुद्धा हा उपाय सांगतात आणि तिथंही तो धोक्याचाच आहे. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. या विषाचा आणि चांदीचा काही संबंध नाही. नाणं लखलखीत राहील आणि माणूस आडवा होईल. मांजराला आधी घालून बघणं, शिजताना लसणाचा रंग बघणं, हे उपायही तसेच.

आडवा होईल म्हणजे काय, तेही ऐका. जीव घ्यायला या विषाचे काही मिलिग्रॅम पुरतात, म्हणजे साखरेचे थोडेसे दाणे. मज्जातंतूंमधून सोडियमची ये-जा होते तेव्हा मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचतो. सॅक्सिटॉक्सिन नेमकी ती वाट बुजवतं. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोनेक तासांत ओठांना, जिभेला मुंग्या येतात, मग चेहऱ्याला, बोटांना. अंग तरंगल्यासारखं वाटतं, बोलणं जड होतं, हातापायांतलं बळ जातं. जास्त गेलं असेल तर छातीचे स्नायू थांबतात. आणि हे होत असताना माणूस बहुधा पूर्ण शुद्धीवर असतो, त्याला सगळं कळत असतं. उतारा म्हणून काही औषध नाही. कृत्रिम श्वासावर ठेवून ते शरीराबाहेर पडेपर्यंत थांबायचं, एवढाच इलाज. वेळेत श्वास मिळाला तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो.

तुम्ही ज्या किनाऱ्यावर गेला होतात, त्याच्याच वर कॅनडाच्या बाजूला १७९३ च्या जूनमध्ये कॅप्टन व्हॅंकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीच्या मोहिमेतल्या खलाशांनी न्याहारीला शिणाणे भाजून खाल्ले. कुणाचे ओठ बधिर झाले, कुणाचे हातपाय. काहींनी गरम पाणी पिऊन उलट्या काढल्या आणि वाचले. जॉन कार्टर नावाचा खलाशी त्याच दुपारी गेला. त्या जागेचं नाव आजही पॉयझन कोव्ह, म्हणजे विषाची खाडी असं आहे. भाजले होते, ताई. कच्चे नव्हते.

तुम्ही लिहिता, आम्ही काढले तेव्हा बोर्ड नव्हता. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो मुद्दा हाच. अशी बंदी कॅलेंडर बघून लागत नाही. सरकारी माणसं किनाऱ्यावरच्या ठरलेल्या ठिकाणांहून शिंपल्या गोळा करतात, प्रयोगशाळेत तपासतात, आणि १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅमपर्यंत विष गेलं की तो भाग बंद करतात. नमुना काढणं, पाठवणं, तपासणं यात वेळ जातो. त्या मधल्या वेळात शिणाण्यांत विष असतं आणि बोर्ड नसतो. मे २०२४ मध्ये ओरेगॉनला तेच झालं. निदान वीसेक माणसं आजारी पडली, आणि मग राज्याचा सगळा किनारा शिणाण्यांसाठी बंद झाला. आधीच्या दिवसांत काढून घरी नेलेले असतील तर तेही फेकून द्या, असं तिथल्या खात्यानं सांगितलं होतं. तुमची बादली त्याच दिवसांतली. सुनेनं फोनवर वाचलं ते हेच असणार.

बंदी उठवायचीही रीत आहे. एकदा आकडा खाली आला म्हणून लगेच उघडत नाहीत, लागोपाठ दोन तपासण्या मर्यादेच्या आत आल्या तरच उघडतात. शेजारच्या कॅलिफोर्नियात तर दरवर्षी १ मे ते ३१ ऑक्टोबर लोकांनी किनाऱ्यावरून स्वतः शिणाणे काढून खाण्यावर बंदीच असते, कारण त्या महिन्यांत धोका जास्त. प्रत्येक शिंपलीचा स्वभावही निराळा. शिणाणे विष झपाट्यानं घेतात आणि पाणी स्वच्छ झालं की काही आठवड्यांत सोडूनही देतात. तिकडच्या बटर क्लॅमसारख्या काही शिंपल्या तेच विष वर्षभर, कधी दोन वर्षंही धरून बसतात. म्हणून कधीकधी पाणी निवळलेलं असतं आणि बोर्ड तसाच असतो. लोकांना वाटतं, खातं झोपलंय. झोपलेलं नसतं.

विष एकाच जातीचंही नाही. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिणाणे खाऊन शंभराहून जास्त लोक आजारी पडले. ते डोमोइक आम्ल होतं, वेगळ्याच सूक्ष्म जीवाचं. काही माणसं गेली आणि काही वाचली ती कायमची विसराळू होऊन, सकाळी भेटलेला माणूस संध्याकाळी आठवेना. तेही शिजवून जात नाही.

"ते अमेरिकेत, आपल्याकडे कुठं?" असं गल्लीतलं कुणीतरी म्हणणारच. १९९७ च्या सप्टेंबरात केरळात विळिंजमला शिणाणे खाऊन ७ माणसं दगावली, पाचशेच्या आसपास रुग्णालयात गेली. त्याआधी १९८१ मध्ये तमिळनाडूत तिसऱ्यांसारख्याच शिंपल्यांनी ३ बळी घेतले. १९८३ मध्ये मंगळूरच्या बाजूला असंच झालं, आणि मंगळूरचा समुद्र म्हणजे तुमच्या मालवणचाच अरबी समुद्र. ती घरंही पिढ्यान्पिढ्या शिणाणे खाणारीच होती. त्या घरांतल्या आयांचाही अनुभव चाळीस वर्षांचा असेल. हे विष दरवर्षी येत नाही, दर खाडीत येत नाही, म्हणून चाळीस वर्षं काही झालं नाही हे खरं असलं तरी एक्केचाळीसाव्या वर्षाबद्दल त्यातून काही कळत नाही.

आपल्या किनाऱ्यावर रंग बघून ठरवू म्हणाल तर तेही अवघड आहे. पाणी लाल-तपकिरी झालं, मासे मरून काठाला लागले, तर शिंपल्या काढायच्याच नाहीत, एवढं पक्कं. पण पाणी नेहमीसारखं दिसत असतानाही विष असू शकतं. उलट रत्नागिरी-सिंधुदुर्गात थंडीच्या सुमाराला रात्री लाटा निळ्या चमकतात, लोक गाड्या करून बघायला जातात, ती चमक नॉक्टिल्युका नावाच्या जीवाची असते आणि तो हे विष बनवत नाही. रंग नाही म्हणून निर्धास्त राहू नये आणि रंग दिसला म्हणजे हेच विष असंही नाही. आणखी एक गल्लत होते, तीही इथं सांगून टाकते. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठी. तिचा विषाशी संबंध नाही, तेव्हा १ ऑगस्ट उजाडला म्हणजे शिंपल्या तपासून झाल्या असं कुणी समजू नये. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून समुद्रात सूक्ष्म वनस्पती कुठं फुलल्यात ते पाहून सूचना देते, तेवढा आधार आहे. पण बहिणीच्या खाडीतल्या तिसऱ्यांत आज काय आहे, ते उपग्रहाला दिसत नाही.

मग तिसऱ्या मागवायच्या की नाही? तुम्ही दोघं मोठी माणसं आहात, मी तुमच्या ताटातली एकशिपी काढून घेणार नाही. गगनबावड्यावरून पेटी यायच्या आधी बहिणीला फोन करून नीट विचारा. कुठल्या खाडीतल्या, कुणी काढल्या, गेल्या पंधरा दिवसांत पाण्याचा रंग बदलला का, मासे मेलेले दिसले का, काढणाऱ्या बायकांनी स्वतःच्या घरी खाल्ल्या का, कुणाच्या ओठांना मुंग्या आल्या का. एकाही प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं तर त्या खेपेला नको म्हणा. हे विचारणं म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, हे मला कबूल आहे. पण काढणाऱ्या बायकांना खाडीत काय चाललंय ते आपल्याआधी कळतं. इथं बाजारात घेतल्या तर विकणाऱ्यालाही हेच विचारा, आणि कुठल्या आहेत ते त्याला सांगता येत नसेल तर घेऊ नका.

नातीला मात्र देऊ नका. पाच वर्षांचं अंग लहान, तेवढ्याच घासानं तिला कितीतरी जास्त बाधतं. तिच्या ओठांना मुंग्या आल्या तर ती "मला तिखट लागलं" एवढंच म्हणेल आणि आपण तिला साखर देत बसू. दुसरं कारण याहून साधं आहे. तिच्या आईनं नको म्हटलंय. त्यावर आपण काही बोलायचं नाही, आणि गुपचूप एक घास तर नाहीच नाही. तिला सुरमईची तुकडी द्या, कोलंबीचं सुकं द्या. माशाच्या नुसत्या मांसात आणि साफ केलेल्या कोलंबीत या विषाची भीती शिंपल्यांसारखी नसते. कुर्ल्या केल्यात तर आतला पिवळा-हिरवा भाग काढून टाका, विष असलंच तर तिथं साठतं.

आणि एवढं करूनही कधी कुणाला शिंपल्या खाल्ल्यावर ओठ-जिभेला मुंग्या, बधिरपणा आला, तर ताक, हळद-दूध, लिंबूपाणी करत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा किंवा सरळ गाडीत घालून व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात न्यायचं आणि दारातच सांगायचं, "शिंपल्या खाल्ल्यात, इतक्या वाजता." उरलेलं कालवण झाकून बरोबर न्या, डॉक्टरांना उपयोग होतो. अंगावर पित्त उठलं, खाज सुटली, तर ती बहुधा ॲलर्जी असते. ती गोष्ट वेगळी, पण घसा आवळत असेल तर तिथंही थांबायचं नाही.

आता सून.

ताई, तुमच्या पत्रात विषावर चार ओळी आहेत आणि "पाहुण्यांदेखत" हा एकच शब्द मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त दुखरा वाटला. परक्या गावात, परक्या स्वयंपाकघरात, तुम्हाला एवढ्या दिवसांनी आपलं म्हणावं असं काहीतरी हाताला लागलं होतं. ते काळे शिणाणे म्हणजे तुमचं माहेर होतं. मुलाच्या मित्रांना "आमच्या आईच्या हातचं" खायला घालायचं होतं. आणि सगळ्यांसमोर ती बादली कचऱ्यात गेली. याचं दुःख होणारच. सुनेनं तुम्हाला आत बोलावून, हात धरून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पण तिच्या जागी उभं राहून बघा. घरात लहान मूल, दारात पाहुणे, हातातल्या फोनवर माणसं रुग्णालयात गेल्याची बातमी, आणि सासू-सासरे दोघं म्हणतायत उकळू, नाणं टाकू. शेगडी पेटायला दहा मिनिटं उरलीत. त्या दहा मिनिटांत सासूला समजावायला बसली असती आणि तुम्ही ऐकलं नसतं, तर? तुम्ही ऐकलं नसतं, ताई. तुमच्या पत्रावरून तसंच दिसतं. तिला वाईटपणा घ्यावा लागणार होता आणि तिनं तो घेतला, तुमच्या नातीसाठी आणि तुमच्यासाठीही. त्या बादलीतलं पहिलं पान तुमच्या ह्यांना वाढलं गेलं असतं, आणि मीठ-तिखट बघायला पहिला चमचा तुम्हीच तोंडात घातला असता.

ती बादली विषारी होतीच, असं मी म्हणत नाही. ती कुणी तपासली नाही. पण "बघू खाऊन" हा तिथं एकच दुसरा मार्ग होता.

म्हणून माझं ऐका, डिसेंबरपर्यंत थांबू नका. मुलाला मध्ये घालू नका, तो दोघींच्या मध्ये आजवर पुरेसा अवघडलाय. आपली रात्र ती त्यांची सकाळ. जेवणं आटोपली की सुनेला फोन करा, आणि फार घोळवू नका. "त्या दिवशी तू केलंस ते बरोबर होतं. मला माहीत नव्हतं की ते उकळून जात नाही. सगळ्यांसमोर झालं त्याचं मात्र मला लागलं," एवढं म्हणा. शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर ते आत तसंच राहील. ते ऐकून ती काय म्हणते, ते तिला म्हणू द्या.

आणि ती आली की एक दिवस तिला विळीजवळ बसवून घ्या. शिंपला धारेवर धरून कसा उघडायचा, मांस एका शिंपीत कसं ठेवायचं, पाणी कसं गाळायचं, हे तुमच्यामागं त्या घरात कुणाला येतं? बहिणीनं सगळ्या प्रश्नांना धड उत्तरं दिली असतील तर तिसऱ्यांवर शिकवा. नाही दिली तर त्या दिवशी कोलंबी आणा, वाटण तेच आहे.